पहार: कातळाला हलवणारं लोखंड

ही पहार. साधारण पाच फूट लांब, सहा-सात किलो वजन, एका बाजूला टोक आणि दुसऱ्या बाजूला चपटी धार. क्रोबार म्हटलं की बऱ्याच जणांना खिळे उपटायचं वाकड्या तोंडाचं हत्यार आठवतं, पण आपल्याकडची ही एकदम सरळ, कारण तिला काळ्या कातळात घुसायचं असतं.

आता हा दगड बघा, दोन-अडीचशे किलोचा तरी असेल. पहारीचं चपटं तोंड त्याच्या खाली घातलं, टोकापासून 4 इंचावर एक बारका दगड टेकू म्हणून ठेवला, म्हणजे मागे उरले 56 इंच, 14 पट झाले. आता 20 किलोचा जोर दिला की पुढे 280 किलोचा लागतो, पण फुकट काही नाही हं, हात 14 इंच खाली जातो तेव्हा दगड जेमतेम 1 इंच वर येतो, लगेच खाली कपची सारायची, टेकू सरकवायचा आणि परत दाबायचं.

गावोगावच्या जुन्या विहिरी अशाच झाल्यात. माती संपली की मुरूम, मुरूम संपला की कातळ, आणि कातळ लागला की वडार मंडळींना बोलावणं जायचं. सुरुंगाचं भोकसुद्धा हातानंच, पहार उचलून आपटायची, दर ठोक्याला थोडी फिरवायची नाहीतर भोक गोल राहत नाही आणि पहार अडकून बसते, मधेमधे पाणी ओतायचं, आतला गाळ काढायचा, परत सुरू. सुरुंग उडाला की आधी वरून पहारीनं कडा ठोकून बघायच्या. ठण्ण वाजलं तर दगड पक्का, भद्द वाजलं तर आतून सुटलाय, तो पाडायचा आणि मगच माणूस खाली उतरवायचा. असा कान तयार व्हायला वर्षं जातात, मी तरी याला इंजिनिअरिंगच म्हणेन, पण या लोकांना पैसे मिळाले ते साध्या मजुरीचे, याचं वाईट वाटतं.

1972 च्या दुष्काळात तर शेतकरीसुद्धा खडी फोडायला बसले, पहार-घण घेऊन रस्ते आणि पाझर तलाव केले, रोजगार हमी त्याच काळात राज्यभर पसरली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला.

टोक बोथट झालं की लोहाराकडे. भट्टीत लाल करायचं, ठोकून टोक काढायचं आणि पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलं टोक पाण्यात बुडवून कडक करायचं, ते जास्त झालं तर टोक तुटतं, कमी पडलं तर वाकतं.

आता ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर आला, पोकलेन आलं, माणसांचे हात वाचले, चांगलंच झालं. तरी जिथे मशीन उतरत नाही तिथे पहारच लागते, आणि रेल्वेचे ट्रॅकमन आजही गरज पडली की रांगेत उभे राहतात, एका हाकेवर सगळे मिळून पहारी दाबतात आणि रूळ सरकवतात.