तळ्यातला देवभात

श्रोतेहो, नमस्कार. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, त्या घरांतून देवभात ठाऊक असेल. तळ्यात, पाणथळीत, कुणी न पेरता उगवणारा भात. माझी मावशी तो आदल्या वर्षीचा डब्यात जपून ठेवी. दाणा लालसर, बारीक, आणि साळीला बोटभर लांब कुसळ. मूठ आवळली की टोचायची. पिकली की साळ टपाटप पाण्यात झडते, म्हणून लोंब्यांचे झुबके आधीच बांधून ठेवायचे.

या झडण्यातच सगळं आहे. हजारो वर्षांपूर्वी माणसानं न झडणारी साळ तेवढी घरी आणली, तीच पुन्हा पेरली. दाणा भरदार हवा, कुसळ नको, शेत एकदम पिकायला हवं. मोजक्या रोपांचं बी पुढे आलं, बाकीची तळ्यातच राहिली. रोगाशी झुंजायचे कितीतरी गुण त्या मागे राहिलेल्यांपाशीच राहिले. ते गुण आपण मुद्दाम टाकले नाहीत. आपण दाणा बघत होतो.

आता ती हकीकत, जी सांगायला मला फार आवडते. फिलिपिन्समध्ये लॉस बानोस इथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. १९६६ साली तिनं आयआर-८ हे बुटकं, भरघोस पिकणारं भात दिलं. मग त्याच घडणीची भातं आशियात पसरली. आणि एक विषाणू त्यांत शिरला. तपकिरी तुडतुडे तो रोपारोपांवर नेतात. रोप वाढतच नाही. गवताच्या ठोंबासारखे नुसते फुटवे, पानं अरुंद, पिवळट, आणि लोंबी आलीच तर पोचट. तुडतुड्यांवर फवारता येतं, विषाणूवर औषध नाही.

संस्थेनं साठवणीतलं बियाणं बाहेर काढलं. रोपं वाढवायची, त्यांवर रोगट तुडतुडे सोडायचे आणि वाट बघायची. एक वाण खुजा झाला, दुसरा झाला, शंभर झाले, हजार झाले. सहा हजारांहून अधिक नमुने तपासले, श्रोतेहो. टिकला तो एक! तोही कुणा शेतकऱ्याच्या कणगीतला नव्हे. उत्तर प्रदेशातून गोळा केलेला रानभात, ओरायझा निवारा. नाव ऐकलंत? निवारा म्हणजे आपला नीवार, ऋषींच्या आश्रमातला. त्या नमुन्यातलीसुद्धा थोडीच रोपं तगली होती.

मूळचे पंजाबचे गुरदेव खुश आणि त्यांचे सहकारी यांनी त्या रानभाताचा लागवडीच्या भाताशी संकर केला. मग पुन्हा पुन्हा लागवडीच्याच भाताशी, म्हणजे दाणे झडणं मागे पडावं आणि रोगाला दाद न देणं तेवढं उरावं. १९७६ साली त्या वंशातलं आयआर-३६ आलं. १९८० च्या दशकात ते सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरांवर उभं होतं. अख्ख्या महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाचा तिसरा हिस्सा भरून उरेल एवढं. मूठभर रानरोपांची ही करणी!

   

तर, रानातलं बी शीतगृहात ठेवलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. शीतगृह हवंच. पण डब्यातलं बी ठेवलं त्या दिवसाचंच राहतं. तळ्यातला भात दर पावसाळ्यात नव्या किडीला, नव्या रोगाला तोंड देतो, त्यातून तगतो तोच पुढे बी टाकतो. म्हणून तळंही हवं.

गेल्या भाद्रपदात मावशीच्या गावी गेलो होतो. निम्मं तळं भरावाखाली गेलंय. उरलेल्या पाण्यात देवभात कमरेएवढा उभा होता, कुसळं तांबूस झाली होती. काठावर एक म्हातारी वाकून लोंब्यांचे झुबके बांधत होती. मला म्हणाली, "उभा काय राहिलास, पलीकडची बांध."