आठ टक्के संथ

[दृश्य: जोहान्सबर्ग, हिलब्रो. उंच मनोरा, खाली गजबजलेला रस्ता.]

ही गोष्ट क्वायटो या दक्षिण आफ्रिकेतल्या संगीताची. आणि हा जोहान्सबर्गमधला हिलब्रो. वर्णभेदाच्या कायद्याने हा भाग गोऱ्यांसाठी राखलेला. तरीही ऐंशीच्या दशकात कृष्णवर्णीय माणसं या इमारतींमध्ये राहायला आली. कायदा रद्द व्हायला मात्र 1991 उजाडलं.

इथल्या रॅझमटॅझ क्लबच्या दाराबाहेर ऑस्कर म्डलोंग्वा सॉसेज विकायचा. जन्म 1967 चा, बालपण झिम्बाब्वेतल्या बुलावायोत. एका रात्री क्लबचा डीजे आलाच नाही. बाहेरचा हा पोरगा आत जाऊन तबकड्यांपाशी उभा राहिला. पुढे लोक त्याला ऑस्किडो म्हणू लागले.

[दृश्य: टर्नटेबल जवळून. सरकपट्टीवर बोट.]

या बोटाकडे नीट पाहा. वेगाची ही पट्टी उणे बाजूला पूर्ण सरकवली की तबकडी साधारण आठ टक्के हळू फिरते. शिकागोहून आलेलं हाउस हे क्लबमधलं नाचाचं संगीत मिनिटाला 120 ठोक्यांचं असेल, तर ते 110 वर येतं. आवाज जड होतो, ठोका खाली बसतो आणि दोन ठोक्यांमध्ये जागा मोकळी होते. त्या जागेत टाउनशिपची, म्हणजे शहराबाहेरच्या कृष्णवर्णीय वस्त्यांची, बोली शिरली. झुलू, सोथो आणि त्सोत्सीताल ही रस्त्यावरची मिश्र बोली. गाण्यापेक्षा हाळी दिल्यासारखी. हा क्वायटो. याला उसनं संगीत म्हणणाऱ्यांनी ही पट्टी एकदा स्वतःच्या हाताने सरकवून पाहावी, आणि मग नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघावं.

आर्थर माफोकाटे आणि एम्डू मासिलेला हे संगीतकारही याच वाटेवर होते. ऑस्किडोने साथीदारांबरोबर ध्वनिमुद्रणाची कंपनीच काढली. तिचं नाव साथीदारांच्या आडनावांतून: कात्साइटिसमधला 'का', डॉन लाकामधला 'ला', म्डलोंग्वामधला 'वा'. कालावा. पुढे त्या नावाला 'जॅझमी' जोडलं गेलं. संगीत करणाऱ्यांच्याच नावांची अक्षरं कंपनीच्या पाटीवर! मालक कोण, हे विचारावं लागत नव्हतं.

[दृश्य: बूम शाका मंचावर.]

1993. देशात सर्व वर्णांच्या लोकांनी मिळून केलेल्या पहिल्या मतदानाला अजून वर्ष आहे. हा बूम शाका, क्वायटोचा गट. मंचावर समोर लेबो माथोसा आणि थेंबी सीटे. त्यांचे केस, त्यांचे कपडे, त्यांचं नाचणं बघा.

[निवेदन थांबते. गाणं 20 सेकंद.]

लेबो 2006 मध्ये मोटार अपघातात गेली.

[दृश्य: आजचा क्लब, रात्र.]

कालावा जॅझमीतून ट्रॉम्पीज, बोंगो माफिन, माफिकिझोलो हे गट पुढे आले. आणि हे आजचं अमापियानो, दक्षिण आफ्रिकेतलं नवं नाचाचं संगीत. ठोके मोजा. मिनिटाला 110 च्या आसपास.

[संगीत वाढते.]