तिरकी लाट

[दृश्य: हर्णै, भरतीची वेळ]

हर्णैच्या धक्क्यावर लाट तिरकी येते, भिंतीला आपटते आणि दुसऱ्या बाजूला तिरकीच निघून जाते. आल्या वाटेनं मागे फिरत नाही. ही लाट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

[दृश्य: कॉलेजची प्रयोगशाळा, चिकटपट्टी जवळून]

पावसाळ्यात इथं भिंगांना बुरशी धरते, म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या कपाटात बल्ब जळता ठेवलाय. ही मुलगी ग्राफाइटच्या खपलीवर चिकटपट्टी दाबते, सोलते, घडी घालून पुन्हा सोलते. काळा डाग करडा होतो, मग नुसता धुरकट. 2004 मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी असंच सोलत सोलत एका अणूच्या जाडीचा थर मिळवला. ग्राफीन. त्यावरच्या कामाला 2010 चं नोबेल मिळालं. सुरुवात चिकटपट्टीनंच झाली. हिच्या पट्टीवरही ग्राफीन असेल. पण ते ओळखायला लागणारी सिलिकॉनची चकती कॉलेजात नाही.

[दृश्य: दाभोळची खाडी, होडी]

होडीवाला एकट्यासाठी होडी सोडत नाही. अतिसंवाहकाचंही, म्हणजे रोधाविना वीज वाहू देणाऱ्या पदार्थाचंही तसंच, तिथं इलेक्ट्रॉन जोडीनंच चालतात. मग त्याला जोडलेल्या धातूतून एकटाच इलेक्ट्रॉन काठाला आला तर? तो शेजारच्या एकाला सोबत ओढून आत नेतो. नेलेल्याची जागा रिकामी पडते, आणि ती पोकळीच एखाद्या कणासारखी उलटी निघते. सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर आंद्रेयेव्ह यांनी 1964 मध्ये हे मांडलं. साध्या धातूत पोकळी आल्या वाटेनंच परत जाते.

[दृश्य: पुन्हा धक्का, लाट संथ गतीत]

ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन मात्र वस्तुमानच नसल्यासारखे धावतात. त्यांची गर्दी अगदी विरळ केली, की पोकळी मागे फिरत नाही. या लाटेसारखी तिरकी पुढे निघते. हे भाकीत लायडनच्या कार्लो बेनाकर यांचं, 2006 चं. पुढच्याच वर्षी डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत, अतिसंवाहक झालेल्या ॲल्युमिनियमच्या दोन टोकांमध्ये बसवलेल्या ग्राफीनमधून रोधाविना प्रवाह वाहिला. अतिसूक्ष्म संवेदक, क्वांटम संगणक, यांसाठीही ग्राफीन आणि अतिसंवाहकाच्या या जोडणीचा अभ्यास चालू आहे.

[दृश्य: प्रयोगशाळा, संध्याकाळ]

साडेपाचची एसटी गाठायचीय. पट्टी जर्नलात चिकटवून ती खाली तारीख घालते.

[निवेदन थांबते. कपाट, आतला बल्ब, पावसाचा आवाज.]