हिरवी टिक नक्की कशाला 'हो' म्हणते?

मंडळी, डिजिटल सही तपासायची कशी असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, फाइल उघडा, वर हिरवी टिक दिसली की झालं. आणि पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं की लगेच बोंब, सही बोगस आहे! दोन्ही चूक. सही तपासणारं टूल आतल्या आत चार-पाच वेगवेगळे प्रश्न तपासत असतं आणि सगळ्यांचं मिळून एकच इवलंसं चित्र आपल्याला दाखवतं, त्यामुळे नेमका कुठला प्रश्न अडला हे बघायला पुढचा डबा, म्हणजे तपशिलांची खिडकी, उघडावा लागतो, आणि तो कोणी उघडत नाही.

आधी एक बाजूला काढू. पानावर ते वळणदार नाव असतं, किंवा 'डिजिटली साइन्ड बाय' असा चौकोन असतो ना, ती सही नाही. ते नुसतं चित्र, कोणीही चिकटवू शकतं. खरी सही फाइलच्या पोटात असते, कधी कधी पानावर काहीच दिसत नाही आणि सही मात्र पक्की असते.

आता सही होते कशी, तर फाइलच्या बाइट्सवरून हॅश काढतात, म्हणजे हिशोब करून त्या फाइलचा ठरावीक लांबीचा एक ठसा, एसएचए-२५६ ही पद्धत असेल तर २५६ बिटांचा, मग फाइल एका पानाची असो की हजार पानांची, आणि त्या हॅशवर प्रायव्हेट कीने, म्हणजे फक्त सही करणाऱ्याकडे असलेल्या गुप्त किल्लीने, सही होते. तपासणारं टूल स्वतः परत हॅश काढतं आणि तिची जोडीदार, सगळ्यांना उघड असलेली पब्लिक की वापरून जुळतंय का बघतं. एक स्वल्पविराम हलला तरी जुळत नाही. (थोडं सोपं करून सांगतोय, जाणकारांनी सांभाळून घ्या.) डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६ ला दोन किल्ल्यांची ही कल्पना मांडली, पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी आरएसए ही त्यासाठीची गणिती पद्धत शोधली, आणि खरं सांगायचं तर हा गणिताचा भाग सगळ्यात कमी दगा देतो. फक्त हॅश जुना नको. एसएचए-१ या जुन्या हॅश पद्धतीचं काय झालं आठवतंय का, २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतल्या लोकांनी दोन वेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या, दोघींचा हॅश सेम! टूलच्या रिपोर्टमध्ये एसएचए-१ दिसलं की भुवई वर जायलाच हवी.

दगा आजूबाजूला असतो. पीडीएफमध्ये सहीबरोबर बाइटरेंज नावाचे चार आकडे असतात. समजा ०, ८४००, २४७८६, १५००. म्हणजे सुरुवातीपासून ८४०० बाइट्स सहीखाली, मग मधे एक भोक, त्यात सही स्वतः बसलेली, कारण सही स्वतःचाच हॅश कसा काढणार, आणि मग २४७८६ पासून पुढचे १५००. बेरीज करा, २६२८६. फाइल बरोबर तेवढीच असली तर सहीनं सगळी फाइल कव्हर केलीय. फाइल ३१००० बाइट्सची निघाली तर शेवटी काहीतरी नंतर जोडलंय. आता ते वाईटच असेल असं नाही हं, दुसऱ्या माणसाची सहीसुद्धा अशीच मागे जोडली जाते. पण काय जोडलंय ते बघायलाच पाहिजे. पीडीएफसिग नावाचं फुकट टूल आहे, पॉपलर या पीडीएफ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर येतं, ते सरळ लिहून देतं की पूर्ण डॉक्युमेंटवर सही आहे की नाही.

हे मी उगाच ताणत नाहीये. २०१९ मध्ये जर्मनीतल्या बोखुम इथल्या रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी २२ पीडीएफ व्ह्यूअर तपासले आणि २१ फसले. कोणी मागे जोडलेला मजकूर दाखवत होतं आणि वर सही ठीक म्हणत होतं, कोणी तर सही तपासायला लागणारी माहितीच उडवली तरी 'ठीक' म्हणत होतं! कंपन्यांनी नंतर दुरुस्त्या केल्या, म्हणून टूल अपडेट ठेवा ही कंटाळवाणी सूचना इथे खरंच महत्त्वाची आहे.

मग येतो भरवसा. कोणाच्याही नावाचं सर्टिफिकेट, म्हणजे ही पब्लिक की अमक्याची असं सांगणारा दाखला, मी इथे बसल्या बसल्या बनवू शकतो, गणित त्याला 'बरोबर' म्हणेल. म्हणून टूल बघतं की हे सर्टिफिकेट कोणी दिलं, त्याला कोणी दिलं, आणि सगळ्यात वरचं सर्टिफिकेट, म्हणजे रूट, आपल्या भरवशाच्या यादीत आहे का. नसलं की पिवळं प्रश्नचिन्ह. म्हणजे सही खोटीच आहे असं नाही, टूल त्या माणसाला ओळखत नाही, इतकंच. आणि यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय काय, तर राइट क्लिक करा, ट्रस्टेडमध्ये टाका, टिक हिरवी होते. अहो, होणारच ना हिरवी! तुम्हीच तिला हिरवी केलीत. रूट घ्यायचं तर देणाऱ्या संस्थेकडून घ्या आणि त्याचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्या सर्टिफिकेटचा हॅश, वेगळ्या मार्गाने जुळवून बघा.

वेळेचं पण असंच. सहीतली वेळ ही साधारण सही करणाऱ्याच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाची, ती मागे-पुढे करता येते. टाइमस्टॅम्प सर्व्हरचा शिक्का असला तर गोष्ट वेगळी, तो तिसरा पक्ष सांगतो की या क्षणी ही सही अस्तित्वात होती. सर्टिफिकेट नंतर संपलं किंवा रद्द झालं तर सही आधीची की नंतरची हे ठरतं यावरच.

युरोपातल्या ईटीएसआय या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या स्टँडर्डमध्ये म्हणून तीन निकाल आहेत, पास, फेल आणि इनडिटर्मिनेट, म्हणजे आहे त्या माहितीवर सांगता येत नाही. मला हा तिसरा फार आवडतो. रद्द सर्टिफिकेटांची यादी मिळाली नाही, नेट नव्हतं, रूट माहीत नाही, तर टूलनं उगाच हो किंवा नाही म्हणू नये.

कोणीतरी मगाशी चिठ्ठी दिली, प्रिंट काढून परत स्कॅन केली तर सही राहते का? नाही राहत. मूळ फाइल मागा. आणि दुसरी चिठ्ठी, ऑनलाइन साइटवर टाकून तपासलं तर चालेल का, तर चालेल, पण अख्खं डॉक्युमेंट तुम्ही त्यांच्या हातात देताय, गोपनीय असेल तर आपल्याच मशीनवर तपासा.