सर्च रिपोर्टमध्ये न दिसणारं बिल

(दृश्य: बंद गाळ्याचं शटर वर जातं. आत धूळ. भिंतीवर रिकामा मीटरबोर्ड, लोंबणाऱ्या वायरी.)

कर्ज काढून गाळा घेतला. खरेदीखत झालं, इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, हाती आला, वकिलांनी मालमत्तेच्या जुन्या नोंदी तपासून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट दिला, तोही स्वच्छ. मग वीजजोडणीसाठी अर्ज केला आणि उत्तर आलं: या जागेवर जुन्या मालकाची थकबाकी आहे, आधी ती भरा.

बँकेचा हप्ता सुरू झालेला असतो आणि गाळ्यात अंधार. जी वीज आपण वापरलीच नाही, तिचं बिल आपण का भरायचं? हा राग अगदी रास्त आहे.

(दृश्य: मीटरबोर्डचा क्लोजअप. खिळ्याच्या खुणा.)

ही थकबाकी सर्च रिपोर्टमध्ये दिसत नाही, कारण तिची नोंद दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे खरेदीखतं नोंदवणाऱ्या कार्यालयात, नसते. ती असते वीज कंपनीच्या खात्यात, जुन्या ग्राहक क्रमांकाखाली. बिल थकलं की पुरवठा आधी तात्पुरता तोडतात, पुढे कायमचा, आणि मीटर काढून नेतात. वीज कचेरीच्या बोलीत ते कनेक्शन 'पीडी' (पर्मनंटली डिसकनेक्टेड) झालं. गाळा बघायला आलेल्याला दिसतो फक्त रिकामा बोर्ड.

(दृश्य: सर्वोच्च न्यायालयाची इमारत.)

1995 साली 'ईशा मार्बल्स'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय खरेदीदाराच्या बाजूने उभं राहिलं होतं. लिलावात मालमत्ता घेणाऱ्यावर आधीच्या ग्राहकाचं बिल लादता येणार नाही, असा तो निकाल. तेव्हा 1910 चा वीज कायदा होता. पुढे 2003 चा कायदा आला, राज्याराज्यांत पुरवठ्याचे नियम झाले आणि 'जशी आहे, जिथे आहे' या अटीवर लिलावात मालमत्ता घेणारे पुन्हा कोर्टाची पायरी चढले.

19 मे 2023. के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या तीन सदस्यांच्या पीठाने 19 प्रकरणांचा एकत्र निकाल दिला. कायद्यात किंवा नियमांत स्पष्ट तरतूद नसेल, तर थकबाकीचा बोजा आपोआप जागेवर चढत नाही. पण जुनं येणं भरल्याशिवाय नवी जोडणी नाही, अशी अट नियमांत असेल, तर ती वैध आहे. त्या खरेदीदारांना एक दिलासा मात्र मिळाला: जोडणीसाठी अर्ज केल्या तारखेपासूनचं व्याज न्यायालयाने माफ केलं.

महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या 2005 च्या वीजपुरवठा संहितेने हा बोजा जागेवर ठेवला, पण त्याला मर्यादाही घातली. वारस सोडून इतर नव्या मालकाकडून जास्तीत जास्त 6 महिन्यांची थकबाकी. माणसाचा विचार करून केलेली तरतूद होती ती. 2021 मध्ये मात्र त्या संहितेच्या जागी नवी संहिता आली.

(दृश्य: खरेदीखताचं पान. एका ओळीवर बोट.)

'मागील सर्व देणी विक्रेता भरेल.' हे वाक्य खरेदीखतात जरूर असावं. त्याच्या जोरावर विक्रेत्याकडून पैसे मागता येतात. पण वीज कंपनी त्या करारात नसते, ती तुमच्याकडेच बघणार.

म्हणून बयाणा देण्याआधी, जागेचा पत्ता आणि विक्रेत्याचं जुनं बिल घेऊन वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात जा. चालू मीटरवर थकबाकी नसली, तरी त्याच जागेवर पूर्वी दुसरा मीटर होता का, ते विचारा. थकबाकी नाही, हे लेखी घ्या. असेल, तर ती विक्रेत्याला तुमच्यासमोर भरायला लावा किंवा तेवढी रक्कम व्यवहारातून कापून घ्या.

(दृश्य: खिडकीपलीकडून येणारी पावती. शिक्का.)