पुस्तक उघडं, डोकं गरब्यात

ही बडोद्यातल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची हंसा मेहता लायब्ररी. विद्यापीठ १९४९ चं, आणि हंसाबेन त्याच्या पहिल्या कुलगुरू. परीक्षा जवळ आली की इथे बसायला जागा मिळायची मारामार, दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी कुठून कुठून पोरं येतात, कारण घरी दोन खोल्यांत टीव्ही चालू आणि त्यात पाहुणे. सकाळी येतात, संध्याकाळी जातात. घरी आई विचारते, किती वेळ बसलास रे? डोक्यात किती गेलं हे कोणीच विचारत नाही, खरा लोचा तिथेच आहे.

आता या वहीकडे बघा. अख्खं पान पिवळं, हायलायटर संपत आला. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात हायलाइट करणं आणि तेच तेच परत वाचणं, दोन्हींचा फायदा कमीच निघाला. वरचढ ठरल्या दोनच, स्वतःची टेस्ट घेणं आणि अभ्यास थोडा थोडा वेगवेगळ्या दिवशी करणं.

पण परत वाचलं की येतंय असं वाटतं ना, तीच तर गडबड! कमाटीबागेत रोज सकाळी दिसणारे काका, चेहरा एकदम ओळखीचा, नाव विचारलं की आपण गप्प. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी कॉलेजच्या मुलांवर हेच करून बघितलं. काहींनी उतारा परत वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर परत वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर चित्र उलटं, लिहून काढणाऱ्यांना जास्त आठवत होतं. म्हणजे आदल्या रात्री रट्टा मारून पेपर निघतोही कधीकधी, पण पुढच्या सेमिस्टरला तोच विषय पुढे आला की पाटी कोरी.

मग करायचं काय, तर एक टॉपिक वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते खरडा, अडलं तिथे खूण करा आणि मगच पुस्तक उघडा. उद्या परत, तीन-चार दिवसांनी परत, मग आठवड्याने. त्रास होतो, कंटाळा येतो, आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. वाटू दे.

आता वेळेचं. गणपती गेले की नवरात्र, आणि बडोद्याच्या मुलाला नऊ रात्री गरबा सोड म्हणून सांगणं म्हणजे उगाच तोंडाची वाफ दवडणं. त्यापेक्षा टाइमटेबलमध्ये त्या रात्रींसमोर सरळ शून्य लिहा, म्हणजे नंतर अपराधी वाटून आणखी दोन दिवस वाया जात नाहीत. आणि टाइमटेबल करताना स्वतःच्या अंदाजावर फार विश्वास नको. १९९४ च्या एका अभ्यासात मुलांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत होईल, सरासरी उत्तर आलं जवळपास ३४ दिवस, लागले ५५ च्या वर. म्हणून एका युनिटला दोन दिवस वाटत असतील तर तीन धरा, बस.

बसायचा कंटाळा असेल तर फ्रान्सेस्को चिरिलोची पोमोडोरो पद्धत आहे, पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी. पोमोडोरो म्हणजे टोमॅटो, त्याच्याकडे टोमॅटोच्या आकाराचं किचनमधलं टायमर होतं. तुम्ही मात्र टायमर फोनवर लावू नका, बंद करायला फोन हातात घ्याल आणि अर्धा तास रील्समध्ये जाईल. भिंतीवरचं घड्याळ काय वाईट आहे?

आणि जुने पेपर. सगळे ते शेवटच्या आठवड्यासाठी ठेवतात. पहिल्याच आठवड्यात एक सोडवायला बसा, निम्म्याहून जास्त येणार नाही, पण कुठलं युनिट कच्चं आहे ते फराळाचे डबे भरायच्या आधीच कळेल.