आधी पाण्याची वाट, मग रस्ता

(दृश्य: बगडगंज, स्मॉल फॅक्टरी एरिया. जुन्या शेडांच्या रांगेत उभी राहणारी फ्लॅट स्कीम.)

पूर्व नागपूरच्या या पट्ट्यात आरामशीन, फॅब्रिकेशनची शेडं आणि गोदामांच्या शेजारी आता इमारती चढताहेत. मोकळं अंगण जाऊन तिथे स्लॅब आणि इंटरलॉकिंग ब्लॉक येतात, पण पाऊस तेवढाच पडतो. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. तेवढ्या पावसात ५०० चौरस मीटरच्या एका छतावरून ५० हजार लिटर पाणी उतरतं. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर, एकाच शेडचे. ते नाल्यातून नाग नदीत आणि पुढे कन्हानला जातं. ते वाटेत थांबवायला रस्त्याकडेला झाडांचा चर हवा, आणि रस्ताही नीट उंचीवर हवा.

पहिली चूक रस्त्याच्या उंचीत होते. जुना डांबरी थर न काढता वर सिमेंट ओतलं की रस्ता प्लॉटच्या वर जातो. मग पाणी शेडमध्ये शिरतं. कंप्रेसर आणि वेल्डिंग मशीन भिजतात. रस्त्याचा माथा उंबरठ्यापेक्षा किमान १५० मिलिमीटर खाली हवा. खोदाई महाग पडते, पण ती टाळू नये.

(दृश्य: चराचा छेद.)

हा रस्त्याकडेचा चर. रुंदी दीड मीटर, खोली एक मीटर. इथली काळी माती एकदा फुगली की पाणी जेमतेम मुरतं, म्हणून तळाशी १६० मिलिमीटरचा छिद्रांचा पाइप लागतोच. त्याला २०० मीटरला एक मीटर उतार. पाइपभोवती २५० मिलिमीटर गिट्टी, वर १०० मिलिमीटर बारीक चुरी, मग ५०० मिलिमीटर मिश्रण: तीन भाग कन्हानची जाड रेती, एक भाग पोयट्याची माती, एक भाग कुजलेलं शेणखत. वरचे १५० मिलिमीटर रिकामे, पाणी थांबायला. गिट्टीवर कापड अंथरण्याची पद्धत आहे, पण ते गाळाने बुजतं; चुरी जास्त टिकते. खोदलेली काळी माती मात्र परत चरात टाकायची नाही. रेतीच्या फटी तीच बंद करते.

इमारतीच्या पायापासून चर तीन मीटर लांब ठेवावा. जागा नसेल तर त्या बाजूला जाड प्लास्टिक शीट लावावी, नाहीतर माती फुगून-आकसून भिंतीला तडे जातात. जिथे पूर्वी बॅटरी किंवा प्लेटिंगचं (धातूवर मुलामा चढवायचं) काम चालायचं, तिथे आधी माती तपासून घ्यावी. दोष निघाला तर तळालाही शीट घालून पाणी फक्त पाइपने बाहेर काढावं. नाहीतर ते विष शेजारच्या विहिरीत उतरेल. गॅरेजचं तेलकट पाणी तर चरात येताच कामा नये.

पाणी चरात यायला कर्बमध्ये, म्हणजे रस्त्याच्या उंच कडेत, ४५० मिलिमीटरची खाच आणि तिच्यामागे जाळीचा छोटा हौद. तो उघडून बघितला तर लाकडाचा भुसा, गाळ आणि खर्र्याच्या पन्न्या. मृगाआधी एकदा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तो उपसावाच लागतो. कडेने १५० मिलिमीटर उंच कर्ब नसेल तर ट्रक चरावरच उभे राहतात आणि मिश्रण दबून दगड होतं.

झाडं अशी हवीत की जुलैत पाण्यात उभी राहतील आणि मे महिन्याचं ऊन सोसतील. चरात वाळा चांगला जगतो. सावलीसाठी करंज, पण इमारतीपासून पाच मीटर दूर.

रस्ता ताब्यात घेण्याआधी चरात टँकर रिकामा करून बघावा. साचलेलं पाणी २४ तासांत उतरलं नाही, तर कंत्राटदाराकडून मिश्रणाचा वरचा १०० मिलिमीटरचा थर बदलून घ्यावा. बांधकामातली सिमेंटची धूळ बहुधा तिथेच बसलेली असते.